डोंगराआडचं हेलिकॉप्टर

२६ एप्रिल २०२३ रोजी मंगळावरच्या जेझेरो विवरात ‘इंजेन्युइटी’ या हेलिकॉप्टरनं बावन्नावं उड्डाण केलं. अंतर ३६३ मीटर, वेळ १३९ सेकंद. जमिनीजवळ येता येता त्याचा संपर्क तुटला. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत, म्हणजे जेपीएलमध्ये, याचा फारसा धक्का कुणाला बसला नाही. हेलिकॉप्टर आणि त्याच्याशी बोलणारा ‘पर्सिव्हिअरन्स’ रोव्हर यांच्यामध्ये एक टेकडी येणार, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. वरंध घाटात वळणाआड गेलं की फोनची रेंज जाते, तसाच हा प्रकार. फक्त टेकडीला वळसा घालून समोर यायला रोव्हरला दोन महिने लागले. २८ जूनला, ६३ दिवसांनी, रेंज आली. हेलिकॉप्टर धडधाकट होतं.

या हेलिकॉप्टरमध्ये मोबाइल फोनची चिप आहे, ही गोष्ट २०२१ मध्ये जगभर गाजली. ती खरी आहे. पण त्या बातमीनं चिपच्या पदरात जेवढं श्रेय टाकलं तेवढं तिचं नाही, असं माझं मत आहे. बाजारातले सुटे भाग परक्या ग्रहावर जवळपास तीन वर्षं उडत राहिले. हे भाग कधी ना कधी दगा देणार असं गृहीत धरून ज्यांनी यंत्र बांधलं, आणि दगा दिल्यावर त्याच्याशी बोलायची वाट ज्यांनी उघडी ठेवली, त्यांची ही कमाई आहे.

वाट किती महत्त्वाची, हे जेपीएल १९९७ मध्येच शिकलं होतं. त्या वर्षी ४ जुलैला ‘पाथफाइंडर’ यान मंगळावर उतरलं आणि त्याच्या पोटातून ‘सोजर्नर’ नावाचा साडेदहा किलोंचा रोव्हर बाहेर पडला. त्याचा मेंदू इंटेलचा ८०सी८५, वेग दोन मेगाहर्ट्झ. यानाशी बोलायला त्याच्याकडे होता मोटोरोलाचा साधा रेडिओ मोडेम, सेकंदाला ९६०० बिटवाला. थेट पृथ्वीशी बोलण्याची सोय रोव्हरकडे नव्हती. जे काही सांगायचं ते यानामार्फत. सात दिवसांसाठी पाठवलेला हा रोव्हर बारा आठवडे चालला. २७ सप्टेंबरला यानाची शेवटची हाक आली आणि यान गप्प झालं. त्याबरोबर रोव्हरही गप्प झाला. तो त्या दिवशी बिघडला होता असं म्हणायला काहीच आधार नाही. मधला दुवा गेला, एवढंच.

आता हेलिकॉप्टरकडे. वजन १.८ किलो, एकावर एक उलट दिशेनं फिरणाऱ्या पात्यांच्या दोन जोड्या, त्यांचा व्यास १.२ मीटर. मंगळाच्या हवेची घनता पृथ्वीवरच्या हवेच्या जेमतेम एक टक्का, त्यामुळे पाती मिनिटाला सुमारे अडीच हजार वेळा फिरवावी लागत. पृथ्वीवरून ते कुणी चालवू शकत नव्हतं. पहिल्या उड्डाणाच्या वेळी, १९ एप्रिल २०२१ रोजी, इकडचा आदेश तिकडे पोहोचायला सुमारे सोळा मिनिटं लागत होती आणि उड्डाण होतं ३९ सेकंदांचं. म्हणजे सगळा निर्णय त्यानं स्वतःच घ्यायचा. पोटाखालचा कृष्णधवल कॅमेरा सेकंदाला तीस चित्रं टिपणार, खालच्या दगडधोंड्यांच्या खुणा एका चित्रातून दुसऱ्यात किती सरकल्या हे संगणक मोजणार आणि त्यावरून आपण कुठे आहोत, किती वेगानं चाललो आहोत हे ठरवणार.

हे काम नेहमीच्या अंतराळ-संगणकाच्या आवाक्याबाहेरचं होतं. खुद्द पर्सिव्हिअरन्सचा मुख्य संगणक म्हणजे आरएडी७५०, किरणोत्साराला दाद न देणारा आणि म्हणून नावाजलेला. पण त्याचा मूळ आराखडा १९९० च्या दशकातल्या ॲपलच्या मॅकचा आणि वेग २०० मेगाहर्ट्झचा. हेलिकॉप्टरला बसवली स्नॅपड्रॅगन ८०१. हीच चिप २०१४ च्या सॅमसंग गॅलॅक्सी एस५ मध्ये आणि पहिल्या वनप्लसमध्ये होती. चार गाभे, दोन गिगाहर्ट्झच्या वरचा वेग, त्यावर लिनक्स आणि जेपीएलनं स्वतः लिहून सगळ्यांना खुली केलेली ‘एफ प्राइम’ ही प्रणाली. त्याखालची बरीचशी सॉफ्टवेअर जगभरच्या लोकांनी फुकट लिहून दिलेली होती. पहिल्या उड्डाणानंतर, जिथे असे प्रोग्राम ठेवले जातात त्या ‘गिटहब’ संकेतस्थळानं अशा जवळपास बारा हजार प्रोग्रामरांच्या पानांवर एक बिल्ला लावला. आपली दुरुस्ती मंगळावर गेली आहे हे त्यातल्या बहुतेकांना त्या दिवशीच कळलं.

गंमत म्हणजे उड्डाणाची दोरी या वेगवान चिपच्या हातात दिलेलीच नव्हती. ती फक्त पाहत होती आणि हिशेब सांगत होती. सेकंदाला पाचशे वेळा यंत्राचा तोल सांभाळायचं काम दोन साध्या मायक्रोकंट्रोलरांकडे होतं, मोटारगाड्यांच्या ब्रेकसारख्या जोखमीच्या कामांसाठी बनवलेल्या. त्या दोघांच्या डोक्यावर एक एफपीजीए चिप राखण करत होती. एकाचं गणित चुकतंय असं दिसलं तर उडता उडता दुसऱ्याच्या हाती सूत्रं द्यायची, हे तिचं काम. फोनच्या चिपची बातमी करताना ही राखण बहुतेकांनी वगळली. मुख्य अभियंता बॉब बलराम, आयआयटी मद्रासचे विद्यार्थी, १९९० च्या दशकापासून मंगळावर हेलिकॉप्टर उडवण्याच्या कल्पनेमागे होते. प्रकल्पाची धुरा म्यानमारमध्ये वाढलेल्या मीमी आँग यांच्याकडे होती. ‘हा प्रयोग आहे, फसला तरी चालेल’ अशी सवलत त्यांना मिळाली होती. खर्च सुमारे साडेआठ कोटी डॉलर, अपेक्षा तीस दिवसांत जास्तीत जास्त पाच उड्डाणांची. या सवलतीवाचून फोनची चिप त्या यंत्राच्या जवळपासही फिरकली नसती.

सहाव्या उड्डाणात, २२ मे २०२१ रोजी, या बांधणीचा कस लागला. उड्डाणाला ५४ सेकंद झाली होती आणि कॅमेऱ्याचं एक चित्र वाटेत हरवलं. नुसतं एक. पण त्यानंतरच्या प्रत्येक चित्रावर चुकीची वेळ पडू लागली. संगणक आत्ताचं चित्र मघाचं समजून दुरुस्त्या करू लागला आणि हेलिकॉप्टर वीस अंशांहून जास्त कलत मागेपुढे डुलू लागलं. ते पडलं नाही याची दोन कारणं. नियंत्रणात एवढी चूक पोटात घेण्याइतकी ढील ठेवलेली होती. शिवाय उतरतानाच्या शेवटच्या टप्प्यात कॅमेऱ्याचं ऐकायचंच नाही, असा नियम आधीच घालून दिला होता; जमिनीजवळ उडणाऱ्या धुळीनं त्याची फसगत होईल म्हणून. ठरलेल्या जागेपासून पाच मीटरच्या आत ते उतरलं.

अशी ढील नसली की काय होतं याचा एक साक्षीदार आपल्या जुन्नर तालुक्यात आहे. नारायणगावजवळच्या खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. १९ ऑक्टोबर २०१६ च्या संध्याकाळी युरोपचं ‘स्कियापरेली’ यान मंगळावर उतरत होतं, आणि त्याच्या छोट्या रेडिओची क्षीण हाक थेट पृथ्वीवर ऐकण्याची कामगिरी या दुर्बिणीकडे सोपवली होती. ४०० मेगाहर्ट्झच्या आसपासची ती लहर खोडदला ऐकू आली. यान वातावरणात शिरलं, पॅराशूट उघडलं, तोवर ऐकू येत राहिली. मग उतरण्याआधीच थांबली. पुढे उलगडा झाला तो असा: पॅराशूट उघडताना यान जोरात हेलकावलं, फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण सुमारे सेकंदभर आपल्या कमाल आकड्यावर अडकून राहिलं, आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवून संगणकानं हिशेब काढला की आपण जमिनीच्याही खाली आहोत. त्यानं पॅराशूट सोडून दिलं. यान तेव्हा सुमारे ३.७ किलोमीटर उंचीवर होतं.

एक हरवलेलं चित्र आणि एक अडकलेला आकडा यांत फार फरक नाही. आलेल्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, हे एकात ठरवून ठेवलं होतं. दुसऱ्यात तेवढं ठरवलेलं नव्हतं.

(खोडदचं एक दुखणंही मोबाइल फोनशी जोडलेलं आहे. दुर्बिणीसाठी ती जागा निवडली तेव्हा परिसर रेडिओच्या दृष्टीनं शांत होता. आता तिच्या ऐकण्याच्या पट्ट्यातच मोबाइल टॉवर बोलतात. मंगळावरची हाक ऐकणाऱ्या दुर्बिणीला शेजारच्या फोनची कुजबुज टाळत काम करावं लागतं.)

इंजेन्युइटीचा स्वतःचा रेडिओ ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला होता, घरातले दिवे-पंखे जोडायला वापरतात त्या झिगबी जातीचा. पल्ला साधारण एक किलोमीटर, वेग सेकंदाला फार तर २५० किलोबिट. तिथून पुढची साखळी अशी: हेलिकॉप्टरकडून रोव्हरला, रोव्हरकडून माथ्यावरून जाणाऱ्या एखाद्या उपग्रहाला, आणि उपग्रहाकडून गोल्डस्टोन, माद्रिद किंवा कॅनबेराच्या मोठ्या तबकड्यांना. उपग्रह डोक्यावर असतो जेमतेम आठेक मिनिटं. स्कियापरेलीबरोबर गेलेला ‘ट्रेस गॅस ऑर्बिटर’ मात्र सुखरूप कक्षेत पोहोचला आणि पुढे याच साखळीतली एक कडी झाला.

ही साखळी मे २०२२ मध्ये तुटायला आली. मंगळावर हिवाळा आला, हवेत धूळ वाढली, सौरपट्टीला ऊन पुरेना. एका रात्री बॅटरी इतकी उतरली की राखण करणारी एफपीजीए चिपच बंद पडली आणि घड्याळ शून्यावर गेलं. सकाळी उन्हानं हेलिकॉप्टर जागं झालं, पण रोव्हरशी ठरलेली बोलण्याची वेळ त्याला आठवेना. तेव्हा जेपीएलनं एक साधा आणि महागडा निर्णय घेतला. अब्जावधींच्या रोव्हरनं दिवसभराचं संशोधन बाजूला ठेवायचं आणि नुसतं कान देऊन बसायचं. मंगळावरच्या सकाळी पावणेबाराला हाक ऐकू आली. त्यानंतर बॅटरी वाचवायला आतले हीटर उणे १५ अंशांऐवजी उणे ४० ला सुरू करायचं ठरलं. थंडीत बाजारातले भाग तडकतील ही भीती होती. एक उपकरण, उड्डाणापूर्वी यंत्राचा कल सांगणारं, खरंच गेलं. त्याचं काम दुसऱ्या एका सेन्सरकडून करून घेणारं सॉफ्टवेअरचं ठिगळ पाठवलं गेलं आणि जूनमध्ये हेलिकॉप्टर पुन्हा उडालं.

शेवट झाला तो १८ जानेवारी २०२४ रोजी, बहात्तराव्या उड्डाणात, आणि तोही चिपमुळे नव्हे. वाट शोधायची ती खडकांच्या खुणा मोजून. इथे खाली वाळूच्या सपाट लाटा होत्या, खूण म्हणून धरावं असं जवळपास काहीच नाही. बारा मीटर वर जाऊन उतरताना यंत्राचा वेगाचा अंदाज चुकला, ते आडवं सरकत जमिनीवर आदळलं आणि पात्यांची टोकं तुटली. पाचची अपेक्षा असलेल्या या यंत्राची उड्डाणं बहात्तर झाली, हवेतला वेळ दोन तासांहून अधिक, अंतर सुमारे १७ किलोमीटर. डिसेंबर २०२४ मध्ये चौकशीचे निष्कर्ष मांडले गेले तेव्हाही ती फोनची चिप चालू होती आणि तापमानाच्या नोंदी आठवड्यातून साधारण एकदा रोव्हरकडे धाडत होती.

भारतानंही हा दुव्याचा धडा आपल्या परीनं गिरवला आहे. चांद्रयान-३ चा २६ किलोंचा ‘प्रज्ञान’ फक्त ‘विक्रम’शी बोलत असे. विक्रमला मात्र दोन वाटा होत्या: थेट बंगळूरूजवळच्या ब्याललूच्या तबकड्यांशी, आणि अडीअडचणीला २०१९ पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरमार्फत. आधीच्या मोहिमेचं लँडर कोसळलं, तिचाच उरलेला भाग असा कामी आला.

आता पुढची मजल चंद्रावर खराखुरा मोबाइल टॉवर नेण्याची आहे. नोकियानं खोक्यात मावणारं फोर-जी नेटवर्क इंट्युइटिव्ह मशीन्सच्या ‘अथीना’ लँडरवर चढवलं. एक छोटा रोव्हर आणि एक उड्या मारणारं यंत्र ही त्या नेटवर्कची दोन गिऱ्हाइकं. ६ मार्च २०२५ रोजी अथीना दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं आणि आडवं पडलं. नोकियाचं खोकं चालू झालं, सुमारे २५ मिनिटं व्यवस्थित चाललं, पण पहिला कॉल लागला नाही. दोन्ही गिऱ्हाइकं आडव्या लँडरमध्येच अडकली होती. हेच फोर-जी अंतराळवीरांच्या पोशाखात बसवायचं काम नोकिया आणि ॲक्सिऑम स्पेसनं त्याआधीच हाती घेतलं होतं.