नेवाळीची धावपट्टी

मुंबईचा युद्धकाळ म्हटला की आपल्याला १९४४चा गोदीतला स्फोट आठवतो. कल्याणपलीकडची नेवाळी सहसा आठवत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने नेवाळी व आसपासच्या गावांची शेतजमीन लष्करी विमानतळासाठी घेतली. जवळच सैनिकांच्या छावण्याही उभ्या राहिल्या. १९४५मध्ये युद्ध संपले आणि या दोन जागांच्या वाटा वेगळ्या झाल्या. छावण्यांत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, १९४९मध्ये त्यांचे उल्हासनगर झाले. पत्ता मात्र आजही ‘कॅम्प नंबर चार’ असाच सांगतात. धावपट्टीची जमीन संरक्षण खात्याकडे राहिली.

मला यातला कळीचा शब्द ‘घेतली’ हा वाटतो. युद्धापुरता ताबा आणि कायमचे संपादन या कायद्याने दोन निराळ्या गोष्टी. शेतकरी म्हणतात, जमीन युद्धापुरतीच गेली होती. नौदल म्हणते, ती संरक्षण खात्याचीच आहे. कुंपणाचे काम निघाले तेव्हा, २२ जून २०१७ रोजी, हा वाद रस्त्यावर पेटला. गाड्या जळाल्या, माणसे जखमी झाली.

नेवाळीचा इतिहास लिहायचा तर त्या वेळचे ताब्याचे आदेश, भरपाईची कागदपत्रे आणि गावांच्या फेरफार नोंदी शेजारी शेजारी ठेवूनच वाचाव्या लागतील.