चांदबिबीच्या महालातील दिवा

गेल्या हिवाळ्यात इयत्ता नववीच्या मुलांस घेऊन आम्ही चांदबिबीच्या महालावर गेलो होतो. उतरताना एका मुलाने हळूच विचारले, "गुरुजी, आजी म्हणते, रात्री वरच्या मजल्यावर राणी दिवा घेऊन फिरते. खरे का?" दुसरा तत्काळ उद्गारला, "तो राणीचा महालच नव्हे!" दुसऱ्याचे म्हणणे बरोबर होते. ही तीन मजली अष्टकोनी इमारत म्हणजे मूर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर होय. परंतु पहिल्याचा चेहरा इतका उतरला, की त्याची बाजू कोणी तरी मांडावी असे आम्हांस वाटले.

हरिभाऊ आपटे यांच्या 'उषःकाला'त शिरलेला वाचक अखेरपर्यंत शिवकालातच राहतो. त्याहून निराळा असा कादंबऱ्यांचा एक वर्ग आहे. त्यांत आजच्या काळातील मनुष्याच्या हाती एखादी जुनी वस्तू लागते, किंवा तो एखाद्या जुन्या वास्तूत राहावयास जातो, आणि गतकाल त्याच्यासमोर चालूबोलू लागतो. हॅगर्ड या इंग्रज लेखकाच्या 'शी' (1887) या कादंबरीत एका खापरावरील लेखाने वाट दाखविली आणि दोन हजार वर्षे जगलेली राणी भेटली. आपल्या देशातील उत्तम मासला मात्र कादंबरी नसून लहानशी कथा आहे. रवींद्रनाथ ठाकूर सतराव्या वर्षी अमदाबादेस वडील बंधूंकडे शाहीबागेच्या जुन्या महालात राहिले होते. त्या आठवणीतून पुढे 1895 साली 'क्षुधित पाषाण' ही कथा जन्मली. तिच्यातील कापसाचा कर वसूल करणारा अधिकारी दिवसा हिशेब पाहतो, आणि रात्री त्याच महालात त्याला नूपुरांचा नाद ऐकू येतो. ते भूत की भ्रम, हे लेखक सांगतच नाही. आगगाडी येते आणि गोष्ट अर्धीच राहते!

भूत हवेच कशाला, असे पालक विचारतील. त्याचे कारण असे, की कागदपत्रे एका उंबरठ्यापाशी थांबतात. 1595 च्या डिसेंबरात मोगलांनी नगरच्या किल्ल्यास वेढा घातला. पुढील फेब्रुवारीत सुरुंगाने तट उडाला, तेव्हा चांदबिबीने स्वतः उभे राहून रातोरात खिंडार बुजविले. 1600 साली दुसऱ्या वेढ्यात ती तहाचा विचार करू लागली, म्हणून फितुरीच्या संशयाने तिच्याच लोकांनी तिचा वध केला. इतके इतिहास सांगतो. त्या शेवटच्या रात्री तिच्या मनात काय चालले होते, हे तो कोठून सांगणार? मेडोज टेलर याने तिच्यावर 'अ नोबल क्वीन' (1878) लिहिली. अशा लेखणीचे काम त्या उंबरठ्यापलीकडचे आहे.

कधी कधी तर इतिहासच कादंबरीवर ताण करतो. 1565 च्या लढाईत हुसेन निजामशहाने विजयनगरच्या रामरायाचे शिर छेदविले. त्या विनाशावर हरिभाऊंनी 'वज्राघात' लिहिली. पण ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने 1829 साली छापलेल्या ग्रंथातील टीप पाहा: त्या लढाईच्या दिवशी दरवर्षी ते शिर तेल व शेंदूर माखून आमच्या नगरात लोकांस दाखवीत, आणि दाखविणारे त्या मारेकऱ्याचे वंशज! अडीचशे वर्षे हा प्रकार चालला होता. यापुढे कोणते भूत टिकणार?

आमची तक्रार भुतांविषयी नाही, आळशी लेखकांविषयी आहे. भुताने भिंतीतून खुशाल जावे. परंतु 1600 साली मेलेल्या राणीने 1636 च्या तहावर सही करू नये. ज्यास सनावळी ठाऊक नाही त्याचे भूतही आम्हांस भिववीत नाही.

सहलीनंतर पंधरा दिवसांनी त्या मुलाने आम्हांस एक वही आणून दिली. चार पाने लिहिली होती. दिवा तसाच होता, मजलाही तोच, मात्र आता तो दिवा सलाबतखानाच्या हाती होता, आणि खाली येणाऱ्या प्रत्येकास तो विचारीत होता, "माझ्या घराला तुम्ही तिचे नाव का देता?"