कोर्टाची पायरी चढलेलं पोलाद

आयात पोलादावरच्या अँटी-डम्पिंग ड्यूटीचा आढावा घ्या, असं संपादक म्हणाले तेव्हा त्यांना बहुधा टनांचे आणि डॉलरचे आकडे हवे होते. ते कुठल्याही आर्थिक दैनिकात मिळतात. मला बोलायचंय ते ही ड्यूटी कोर्टात गेली की पुढे काय होतं, त्याबद्दल. डम्पिंग म्हणजे काय, नॉर्मल व्हॅल्यू कशी काढतात, हे वाचकाला ठाऊक आहे असं धरून चालतो. आणि माझं जुनं तुणतुणं सुरुवातीलाच वाजवून टाकतो: जो हुकूम हिशेबावर उभा आहे, त्याने हिशेब दाखवला पाहिजे. दाखवता येत नसेल तर ड्यूटी लावू नये.

इतिहास झटपट उरकतो. १९७५च्या कस्टम्स टॅरिफ ॲक्टमध्ये १९८२ साली तरतूद आली, नियम १९८५ साली झाले आणि पुढे काही वर्षं ते कपाटात पडून राहिले. आयातशुल्कच एवढं होतं की परदेशी माल बंदरात पोचेपर्यंत त्याचा दम निघायचा. १९९१नंतर शुल्क उतरू लागलं आणि १९९२ साली पीव्हीसी रेझिनची चौकशी सुरू झाली. १९९५ साली डब्ल्यूटीओच्या करारानुसार नवे नियम आले. १९९८ साली वाणिज्य मंत्रालयात स्वतंत्र संचालनालय झालं. २०१८ साली त्याची पाटी बदलून डीजीटीआर झाली. पोलादाची लढाई पेटली ती नव्वदीच्या अखेरीस. सोव्हिएत संघ फुटल्यावर रशिया, युक्रेन, कझाकस्तानच्या गिरण्यांना घरचं गिऱ्हाईक उरलं नाही आणि त्यांच्या हॉट-रोल्ड (एचआर) कॉइल मिळेल त्या भावाने बाहेर पडल्या.

चौकशी डीजीटीआर करतं, शिफारसही तेच करतं, ड्यूटी लावतं अर्थ मंत्रालय. नाराज माणसाला कलम ९सी खाली नव्वद दिवसांत न्यायाधिकरणाकडे, म्हणजे सेस्टॅटकडे, अपील करता येतं. तिथे खुद्द अध्यक्ष आणि किमान दोन सदस्य असं खास पीठ बसावं लागतं. दिल्लीच्या आर. के. पुरममधल्या त्या इमारतीत मी उमेदीची वर्षं घालवली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. माझं पोटच त्या पायरीवर चाललं.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो. चौकशीच्या शेवटी, नियम १६ प्रमाणे, पक्षकारांच्या हातात ‘डिस्क्लोजर स्टेटमेंट’ पडतं. ज्या वस्तुस्थितीवर निर्णय होणार ती यात उघड करायची असते. समजा, कोल्ड-रोल्ड कॉइलची चौकशी आहे. तक्त्यात डावीकडे ओळी: विक्री किंमत, उत्पादन खर्च, टनामागे नफा, भांडवलावरचा परतावा. उजवीकडे चार वर्षांचे चार रकाने. आणि रकान्यांत? तीन तारका, तीन तारका, तीन तारका, पुन्हा तीन तारका. खाली बारीक अक्षरात ‘कल’: १००, १०८, ९६, ८१. देशी गिरणीचा नफा शंभरावरून एक्क्याऐंशीवर आला, हे कळलं. पण तो टनामागे शंभर रुपये होता की दहा हजार? दहा हजारांचे आठ हजार शंभर झाले असतील तर ती गिरणी बुडतेय म्हणायचं की जेवून ढेकर देतेय? आयातदाराच्या वकिलाने या तक्त्याला मोजक्या दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. मी अशी उत्तरं लिहिलीत. समोरची पानं कोरी असताना त्यांतल्या चुका काढायच्या, हीच आमची वकिली.

तारकांमागे कायदा आहे, हे मला मान्य आहे. नियम ७ गोपनीयतेची सोय करतो आणि धंद्याची गुपितं चव्हाट्यावर यावीत असं मीही म्हणत नाही. माझा आक्षेप आहे तो सरसकट तारका मारण्याला. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली स्टरलाइट इंडस्ट्रीजच्या प्रकरणात बजावलं की कुणी माहिती गोपनीय म्हटली म्हणून ती आपोआप गोपनीय होत नाही; अधिकाऱ्याने स्वतः तपासून ठरवायचं असतं. २००६ साली रिलायन्सच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेलं. माल पोलाद नव्हता, पीटीए नावाचं रसायन होतं, पण तत्त्व सगळ्यांना लागू. चौकशी अधिकाऱ्याचं काम अर्धन्यायिक आहे, असं न्यायालयाने तिथे स्वच्छ सांगितलं. मग आला २०११चा निकाल, ऑटोमोटिव्ह टायर मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचा. टायरमध्ये वापरतात त्या नायलॉन कापडाची चौकशी होती. तोंडी सुनावणी एका अधिकाऱ्याने घेतली, त्याची बदली झाली आणि अंतिम निष्कर्ष लिहिले नव्या अधिकाऱ्याने. न्यायालय म्हणालं, ज्याने ऐकलं त्यानेच ठरवायचं. गावातल्या पंचालाही कळेल इतकी साधी गोष्ट, पण ती सर्वोच्च न्यायालयातून यावी लागली. त्यानंतर अधिकारी बदलला की पुन्हा सुनावणी घेणं भाग पडलं आणि दिल्लीच्या चहाच्या टपऱ्यांवर आमच्या व्यवसायात थोडा उत्साह आला.

आमच्यातले काही विद्वान मित्र तेव्हापासून नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, ड्यूटी लावणं हा कर लावण्याचा प्रकार, म्हणजे कायदा करण्याचंच काम. त्यात सुनावणी कसली आणि कारणं कसली? एकाने तर व्याख्यानात, मी पहिल्या रांगेत बसलेला असताना, ‘मुंबईच्या आयातदारांची लाडकी थिअरी’ म्हणून माझी टर उडवली. पण संसद कर लावते तेव्हा ती एखाद्या कोरियन गिरणीची खातेवही तपासत बसत नाही. इथे मात्र नाव घेऊन एका कंपनीला इतके डॉलर आणि दुसरीला तितके ठरवले जातात. माणसाचं नाव घेऊन निवाडा करायचा आणि त्याला कायदा म्हणायचं, हे मला पटलेलं नाही. आणि मी आयातदारांचाच वकील होतो असंही नाही. देशी गिरण्यांच्या बाजूनेही उभा राहिलोय. तारका दोघांनाही छळतात. परदेशी निर्यातदाराने नॉर्मल व्हॅल्यूचे काय आकडे दिले, हे देशी गिरणीलाही दिसत नाही.

यावर उपाय आहे आणि तो अमेरिकेत जुना आहे. तिथे वाणिज्य खात्यापुढच्या चौकशीत पक्षकारांच्या वकिलांना संरक्षक आदेशाखाली समोरच्याचे गोपनीय आकडे बघायला मिळतात. अशिलाला ते सांगायचे नाहीत. सांगितले तर वकिलाचीच कारवाईतून सुटका नाही. असं काही आपल्याकडे करा म्हणून मी बोललोय, लिहिलंय, आणि ‘भारतीय वकिलांच्या पोटात गोष्ट राहत नाही’ असं उत्तर ऐकलंय. सनद देताना मात्र हा प्रश्न कुणाला पडत नाही.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर तिथल्या दोन भारतीय लढती सांगतो, कारण आपल्या लोकांना त्यांचं कौतुक कमी. १९९९ साली ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीच्या स्टील प्लेटवर अमेरिकेने ७२.४९ टक्के मार्जिन ठरवलं. कारण असं की सेलची काही माहिती तपासणीत टिकली नाही, म्हणून वाणिज्य खात्याने सगळीच माहिती बाजूला सारून उपलब्ध माहितीवर आकडा ठोकला. सेल न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात गेली आणि भारत सरकार डब्ल्यूटीओत. २००२ साली डब्ल्यूटीओच्या पॅनेलने म्हटलं की काही कागद नासले म्हणून अमेरिकेतल्या विक्री किमतींची माहिती न बघताच फेकणं चूक होतं. दुसरी लढत आपल्या खोपोलीच्या उत्तम गॅल्व्हाची. झिंक चढवलेल्या पत्र्यावरची ती ड्यूटी २०१६ची. निर्यातीमुळे जे आयातशुल्क माफ होतं किंवा परत मिळतं ते निर्यात किमतीत मिळवायचं, असं अमेरिकी कायदा म्हणतो. ते मिळवलं की मार्जिन कमी होतं. वाणिज्य खात्याने ती रक्कम निर्यातीच्या मालावर न धरता सगळ्या उत्पादनावर वाटून पातळ केली. न्यायालयाने सांगितलं, कायद्यात हे बसत नाही, आणि २०२१ साली फेडरल सर्किटनेही तेच कायम केलं. सुंदर निकाल आहे, तरुण वकिलांनी अवश्य वाचावा. फक्त तो आला तोवर कंपनी इकडे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलेली होती.

उशीर हा या शाखेचा जुनाच रोग. ड्यूटीचं आयुष्य पाच वर्षांचं. अपील उभं राहीपर्यंत, खास पीठ बसेपर्यंत, फेरविचारासाठी प्रकरण खाली जाऊन वर येईपर्यंत ती संपलेली असते. मग निकालात लिहितात की आता प्रश्न उरला नाही. ज्याने पाच वर्षं पैसे भरले त्याला विचारा प्रश्न उरला की नाही.

असाच एक प्रश्न मला विचारला भाईंदरच्या एका भांडीवाल्याने. मुंबईच्या बाजारातली स्टेनलेसची ताटं, डबे, पातेली यांतला मोठा हिस्सा भाईंदरच्या गाळ्यांतून येतो. कोल्ड-रोल्ड स्टेनलेसवर २०१०च्या सुमारास ड्यूटी लागली ती ६०० ते १२५० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यावर. चतुर आयातदारांनी १२५०पेक्षा रुंद कॉइल आणल्या आणि इथे उभ्या चिरून अरुंद केल्या. मग सरकारने पळवाटविरोधी चौकशी केली आणि २०१७ साली रुंद मालावरही ड्यूटी पसरवली. भारतात अशा प्रकारची ती पहिलीच चौकशी. आमचा हा भांडीवाला स्वतः आयात करत नसे. व्यापाऱ्याकडून चिरलेला पट्टा घ्यायचा, त्यातून सर्कल कापून ताटं दाबायचा. त्याच्या गाळ्यात मी गेलो तेव्हा पॉलिशवाल्या पोरांच्या भुवया धुळीने करड्या झाल्या होत्या. हातातलं ताट मशीनवर तसंच ठेवून तो म्हणाला, “वकीलसाहेब, नुकसान झालं की नाही हे गिरणीला विचारलं, मग आम्हाला का नाही विचारलं?” नियम ६ मध्ये माल वापरणाऱ्या उद्योगांनाही म्हणणं मांडायची संधी आहे आणि चौकशीची सूचना राजपत्रात येते, असं मी सांगितलं. त्याने ते राजपत्र कुठे मिळतं, असं विचारलं. भाईंदरच्या गाळ्यात राजपत्र पोचत नाही, हे दिल्लीला कोण सांगणार?

आता अलीकडचं, आणि इथे माझा सूर चढला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. २०१६ साली चिनी पोलादाचा लोंढा आला तेव्हा सरकारने फेब्रुवारीत १७३ पोलादी वस्तूंवर किमान आयात किंमत ठरवली. एक अधिसूचना, काम फत्ते. त्यामागून हॉट-रोल्ड, कोल्ड-रोल्डवर अँटी-डम्पिंग आलं. कोल्ड-रोल्डला टनामागे ५७६ डॉलर अशी संदर्भ किंमत ठरली आणि त्याखाली माल आला तर फरक भरायचा. निदान तिथे चौकशी झाली, निष्कर्ष निघाले, आम्हाला भांडायला कागद मिळाला. पुढे पोलादाचे भाव भडकले तसं २०२२च्या अर्थसंकल्पाच्या दिवशी स्टेनलेसवरच्या आणि कोटेड पोलादावरच्या काही ड्यूट्या एका फटक्यात उठवल्या. चिनी स्टेनलेसवर २०१७पासून १८.९५ टक्के काउंटरव्हेलिंग, म्हणजे परदेशी अनुदानाविरुद्धची, ड्यूटी होती, तीही गेली. रिअलस्ट्रिप्सच्या याचिकेवर गुजरात उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ठरवलं की फेरआढावा न घेता अशी ड्यूटी उठवता येणार नाही. मला हा निकाल आवडतो, आणि त्यामुळे माझे भाईंदरचे मित्र माझ्यावर रुसले. पण चौकशी करून लावलेली गोष्ट चौकशी करूनच काढावी. एकाच्या बाजूने एक नियम आणि दुसऱ्याच्या बाजूने दुसरा, असं मला करता येत नाही.

दरम्यान डीजीटीआरने शिफारस करायची आणि अर्थ मंत्रालयाने कारण न देता ती बासनात टाकायची, असा प्रघात पडला होता. ज्युबिलंट इन्ग्रेव्हियाच्या प्रकरणात २०२१ साली सेस्टॅटने म्हटलं की नकारावरही अपील चालतं आणि नकाराला कारणं लागतात. सरकारने उत्तर कोर्टात दिलं नाही, वित्त विधेयकात दिलं. २०२३ साली कायद्यात खुलासा घातला की ज्यावर अपील चालतं ते ‘निर्धारण’ म्हणजे नियमांत सांगितलेल्या पद्धतीने झालेलं निर्धारण, आणि तो लागू केला १ जानेवारी १९९५पासून. अठ्ठावीस वर्षं मागे जाऊन अर्थ समजावून सांगायचा! मंत्रालयाच्या मौनाला अपिलातून बाहेर काढण्याची ही वाट आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

एप्रिल २०२५ मध्ये पोलादावर बारा टक्के तात्पुरती सेफगार्ड ड्यूटी आली, २०० दिवसांसाठी. तिथे कुठल्या निर्यातदाराच्या किमतीत डोकवायची गरज नाही. आयात वाढली आणि देशी उद्योगाला मार बसतोय, एवढं दाखवलं की झालं. त्याशिवाय बीआयएसचे गुणवत्ता आदेश आहेतच. परदेशी गिरणीला परवाना नाही तर माल नाही. हे आदेश म्हणजे ड्यूटीच नव्हे, त्यामुळे ९सीचा प्रश्नच येत नाही. ज्या कामासाठी हिशेब मांडावा लागतो ते काम बिनहिशेबाच्या हत्यारांकडे सरकतंय. नव्या पिढीचे वकील याला ‘पॉलिसी टूलकिट’ म्हणतात आणि स्लाइड दाखवतात. खर्चाचा तक्ता समोर घेऊन, मालधक्क्यापासून भट्टीपर्यंत एकेक ओळ तपासणारा कॉस्ट अकाउंटंट आता चेंबरमध्ये दिसत नाही. भांडवलावर बावीस टक्के परतावा धरून देशी उद्योगाची ‘बिननुकसानीची किंमत’ काढायची जुनी पद्धत आहे. व्याजदर एवढे बदलले तरी बावीसच का, हे विचारणारे आम्ही चारदोन म्हातारे उरलो.

आता हे वाचणाऱ्या भाईंदरच्या, कळंबोलीच्या, जालन्याच्या लोकांना एक विनंती. पोलाद वापरणाऱ्या तुमच्या संघटनेने डीजीटीआरच्या चौकशी-प्रारंभाच्या सूचना दर महिन्याला कुणा एकाला वाचायला लावाव्यात. प्रश्नावलीचं उत्तर द्यायला साधारण तीस दिवस मिळतात, त्यात आपलं नाव पक्षकार म्हणून नोंदवा आणि गोपनीय म्हणून झाकलेल्या प्रत्येक आकड्यावर लेखी हरकत घ्या. चौकशीत जे मागितलं नाही ते अपिलात मागायला गेलात, तर पहिला प्रश्न तेव्हा का मागितलं नाही हाच येतो.