दिवा कीबोर्डवर, हुकूम कॉम्प्युटरचा

जुन्या यंत्रांच्या या मालिकेत आज एका छोट्या दुखण्याबद्दल बोलू. जुना कीबोर्ड हाती लागतो, जोडला की अक्षरं नीट उमटतात, पण उजव्या कोपऱ्यातले नम लॉक, कॅप्स लॉक आणि स्क्रोल लॉकचे दिवे मात्र रुसलेले असतात. एखादा पेटतच नाही, एखादा विझत नाही, कधी तिन्ही गप्प. मग आपण सोल्डरिंग आयर्न तापत ठेवतो आणि कीबोर्ड उघडायला घेतो. आज माझं सांगणं एवढंच आहे, की आयर्न बाजूला ठेवा आणि आधी दहा मिनिटं निरीक्षण करा. बऱ्याचदा कीबोर्ड उघडायची गरजच पडत नाही.

उदाहरणासाठी आपण आयबीएमचा मॉडेल एम घेऊ. तो १९८५ साली आला. पुढे १९९१ पासून लेक्समार्कने आणि १९९६ पासून युनिकॉम्पने तो बनवला. जड, टकटक आवाज करणारा आणि अजूनही उत्तम चालणारा. पण यातलं बरंचसं त्या काळच्या कुठल्याही एटी किंवा पीएस/२ जोडणीच्या कीबोर्डला लागू पडतं.

दिवा कोण पेटवतो?

साधा समज असा, की कॅप्स लॉकचं बटण म्हणजे घरातला स्विच आणि दिवा म्हणजे बल्ब. तसं ते नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डला हे दिवे नव्हतेच. तो कीबोर्ड फक्त बोलायचा. कॉम्प्युटरचं ऐकून घ्यायची सोय त्याच्यात नव्हती. १९८४ मध्ये पीसी एटी आला, संभाषण दोन्ही बाजूंनी सुरू झालं आणि त्याबरोबरच तीन दिवेही आले.

आता बटण दाबल्यावर काय घडतं ते पाहा. तुम्ही कॅप्स लॉक दाबता. कीबोर्ड कॉम्प्युटरला ८८ हा आकडा पाठवतो, म्हणजे ‘हे बटण दाबलं गेलं’. यापुढे अक्षरं मोठी की लहान, हे कॉम्प्युटर ठरवतो. मग तो उलट २३७ हा आकडा पाठवतो, म्हणजे ‘दिव्यांबद्दल हुकूम येतोय’. कीबोर्ड २५० पाठवून ‘मिळालं’ म्हणतो. त्यानंतर खरा हुकूम येतो. त्यात स्क्रोलचा १, नमचे २ आणि कॅप्सचे ४. नम आणि कॅप्स दोन्ही पेटवायचे तर ६, सगळे विझवायचे तर शून्य.

म्हणजे दिवा तुमच्या बोटाला उत्तर देत नाही, तो कॉम्प्युटरच्या निर्णयाची पोच देतो. म्हणून दिवा पेटला नाही तर पहिला प्रश्न ‘दिवा गेला का?’ हा नसून ‘हुकूम आला का?’ हा आहे.

या पोचेला आपल्या भाषांच्या बाबतीत वेगळंच मोल होतं. १९९१ च्या इस्की मानकात इनस्क्रिप्ट कीबोर्ड दिला आहे. त्यात इंग्रजी आणि भारतीय लिपी यांच्यात अदलाबदल करायला कॅप्स लॉकचंच बटण ठरवलं होतं. पुण्याच्या सीडॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानावर मराठी टाइप करणाऱ्याला कॅप्सचा दिवा म्हणजे पुढचं अक्षर कुठल्या लिपीत उमटणार याची खूण होती. आजही पासवर्ड टाइप करताना पडद्यावर फक्त ठिपके दिसतात, तेव्हा हाच दिवा आपल्याला वाचवतो.

पहिली परीक्षा: सुरू होतानाची चमक

कॉम्प्युटर पूर्ण बंद करा, कीबोर्ड जोडा आणि मग सुरू करा. चालू कॉम्प्युटरला पीएस/२ किंवा एटीचा कीबोर्ड जोडू-काढू नका. बऱ्याच जुन्या मदरबोर्डवर त्या सॉकेटजवळ एक बारीक फ्यूज असतो, तो उडू शकतो.

वीज मिळताच कीबोर्ड स्वतःची तपासणी करतो. त्या अर्ध्या-पाऊण सेकंदात तिन्ही दिवे एकदम चमकून विझायला हवेत. ही चमक कॉम्प्युटरच्या हुकमाशिवाय, कीबोर्ड स्वतःच दाखवतो. म्हणून ही परीक्षा सोन्यासारखी आहे. नजर दिव्यांवर ठेवा आणि काय दिसलं ते लिहून ठेवा. पुढचा रस्ता त्यावर ठरतो.

तिन्ही चमकले, पण नंतर ऐकत नाहीत

दिवे, तारा आणि आतलं सर्किट ठीक आहे. कीबोर्ड उघडू नका. कॅप्स दाबून अक्षरं टाइप करून पाहा.

अक्षरं मोठी उमटतात पण दिवा पेटत नाही, तर हुकूम वाटेत हरवतोय. पहिला संशय कन्व्हर्टरवर घ्या. मॉडेल एमला यूएसबीला जोडायला आत चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो. नुसत्या तारा जुळवणारा छोटा अडॅप्टर त्याला चालत नाही. चिप असलेल्यांपैकीही काही स्वस्त कन्व्हर्टर अक्षरं पुढे पाठवतात आणि दिव्यांचा हुकूम मात्र गिळतात. शक्य असेल तर पीएस/२ सॉकेट असलेल्या कॉम्प्युटरला थेट जोडून पाहा. तिथे दिवे चालले तर दोष कन्व्हर्टरचा, निकाल लागला.

मॅकवर नम लॉक ही कल्पनाच वापरात नाही, त्यामुळे तिथे नमचा दिवा पेटला नाही तर तो दोष नव्हे. लिनक्स असेल तर सेटलेड्स या कमांडने कन्सोलवरून दिवे हाताने पेटवून पाहता येतात. त्या हुकमाला दिवा पेटला, तर कीबोर्ड आणि कन्व्हर्टर दोन्ही निर्दोष.

काही क्लोन कीबोर्डच्या पोटाखाली एक्सटी आणि एटी असा छोटा स्विच असतो. एक्सटी बाजूला संभाषण एकतर्फी होतं आणि कीबोर्ड दिव्यांचा हिशेब स्वतःच्या अंदाजाने ठेवतो. मग दिवा पेटलेला आणि अक्षरं लहान, असा उलटा कारभार दिसतो. स्विच एटीकडे करा.

अक्षरंही मोठी उमटत नसतील तर गोष्ट वेगळी. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये ते बटण कंट्रोल किंवा भाषा बदलण्यासाठी वापरलंय का, ते पाहा. तसं नसेल तर दोष त्या बटणाखालच्या संपर्कात आहे, दिव्यात नाही.

एकही चमकला नाही

इथे दोन शक्यता. अक्षरंही उमटत नसतील तर वीजच पोचत नाहीये. मल्टीमीटरने सॉकेटवर ५ व्होल्ट मिळतात का बघा. छोट्या सहा पिनांच्या पीएस/२ सॉकेटात वीज ४ नंबरच्या पिनवर आणि ग्राउंड ३ वर. मोठ्या पाच पिनांच्या एटी सॉकेटात वीज ५ वर, ग्राउंड ४ वर. सॉकेटवर वीज नसेल तर तो मदरबोर्डचा फ्यूज. वीज असेल तर केबल तपासा. बऱ्याच मॉडेल एमची केबल मागून सुटी करता येते, त्यामुळे ती वेगळी काढून कंटिन्यूटी बघणं सोपं.

अक्षरं उमटतात पण तिन्ही दिवे मेले, असं दिसलं तर तीन दिवे एकदम जळण्याची शक्यता फार कमी. त्यांची सामाईक तार किंवा दिव्यांच्या पट्टीकडे जाणारा जोड सैल झाला असणार. आणि हो, मॉडेल एमच्या काही आवृत्त्यांना दिवे दिलेलेच नव्हते. नसलेल्या दिव्याची दुरुस्ती सुरू करू नका.

एकच दिवा मेलेला

आता मात्र कीबोर्ड उघडायचा. मॉडेल एमला मागे चार स्क्रू असतात, खोल भोकांत. त्यांना ५.५ मिलिमीटरचा लांब आणि पातळ कडेचा नट ड्रायव्हर लागतो. जाड कडेचा आत जात नाही. फक्त वरचं झाकण काढा. आतल्या लोखंडी पत्र्याला हात लावू नका, कारण तो प्लॅस्टिकच्या रिव्हेटांवर धरलेला असतो आणि इतक्या वर्षांनी ते रिव्हेट कडकन तुटतात. दिव्यासाठी पूर्ण कीबोर्ड गमावायचा नाही.

मल्टीमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा आणि वीज पूर्ण बंद असताना दिव्याच्या दोन पायांना लावा. चांगला हिरवा एलईडी साधारण २ व्होल्ट दाखवतो आणि अंधुक चमकतो. काहीच आलं नाही तर टोकं उलटी करून बघा. दोन्हीकडे काहीच नाही, म्हणजे एलईडी गेला. एलईडी पेटला तर तो निर्दोष. मग त्याचं सोल्डर, त्याचा रेझिस्टर आणि तिथपर्यंतची तार तपासा. भिंगातून पाहिलं तर सोल्डरभोवतीची बारीक गोल भेग दिसते. ती पुन्हा वितळवली की काम झालं.

दिव्यांकडे प्लॅस्टिकची पातळ पट्टी जात असेल तर ती सरळ ओढून काढा, टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या आणि परत बसवा. त्या पट्टीला आयर्न लावायचं नाही, ती क्षणात वितळते.

नवा एलईडी बसवताना

लांब पाय धन, कडेला चपटा भाग असलेली बाजू ऋण. जुन्या बोर्डावरचा तांब्याचा थर जास्त उष्णतेने सुटतो, म्हणून दोन-तीन सेकंदांत काम उरका.

आजचे एलईडी जुन्यांपेक्षा फार तेजस्वी असतात. हिशेब सोपा आहे. ५ व्होल्टमधून दिव्याचे २ गेले, उरले ३. रेझिस्टर ३३० ओहमचा असेल तर साधारण ९ मिलिअँपिअर वाहतात. नव्या दिव्याला ते इतके होतील की रात्री डोळे दिपतील. १५०० ओहम घातला तर २ मिलिअँपिअर, आणि तेवढे पुरतात. निळा किंवा पांढरा एलईडी घालायचा मोह टाळा. त्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात आणि शेजारच्या दोन हिरव्यांत तो विजोड दिसतो. साधा ३ मिलिमीटरचा किंवा जुन्याच्या मापाचा हिरवा घ्या. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूचा एसपी रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, दिल्लीचं नेहरू प्लेस. आपण मराठी माणसं जिथे असू तिथून जवळच्या बाजारात विचारा.

दिवे लुकलुकतात?

लिनक्सवर कॅप्स आणि स्क्रोलचे दिवे एकसारखे लुकलुकत असतील आणि पडदा गोठला असेल, तर कीबोर्डला दोष देऊ नका. सिस्टिमचा गाभाच कोसळलाय आणि ती दिव्यांतून हाक मारतेय. पण काम चालू असताना तिन्ही दिवे मधूनच एकदम चमकत असतील, तर कीबोर्ड पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होतोय. वीज कमी पडतेय किंवा केबल कुठेतरी तुटत आलीय. केबल हलवून बघा, यूएसबी हबऐवजी थेट सॉकेटला जोडा.

तर क्रम लक्षात ठेवा: आधी सुरू होतानाची चमक, मग अक्षरं, मग कन्व्हर्टर, मग केबल, आणि सगळ्यात शेवटी स्क्रू. हे कीबोर्ड पुन्हा तसे बनणं कठीण आहे. त्यातले काही आजारापेक्षा उपचारानेच जातात, अशी वेळ आपल्या कीबोर्डवर येऊ देऊ नका. तुमच्या कीबोर्डची चमक काय सांगते ते आज पाहून ठेवा. भेटू पुढच्या भागात.