वारुळावरील अळंबे
पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी अळंबी आमच्या वाचकांस परिचित आहेतच. त्याच गणातील एक जात झांबियाच्या अरण्यांत होते. तिची छत्री कधी कधी दोन हात रुंद भरते. तेथील लोक ती आधीपासूनच खात व विकीत असता, पेग्लर व पीअर्स या शास्त्रज्ञांनी तिचे वर्णन करून 'टर्मिटोमायसिस टायटॅनिकस' हे नाव दिले ते १९८० साली!

या गणाची मुख्य खूण म्हणजे वाळवीच्या घरट्यापर्यंत गेलेला मुळासारखा देठ. अळंबे उपटल्यास तो तुटून मागे राहतो. यास्तव खणूनच काढावे. छत्री रात्रभर पांढऱ्या कागदावर ठेवावी. बीजकणांचा ठसा गुलाबी हवा. हिरवट असल्यास अळंबे विषारी समजावे. मात्र काही विषारी जातींचा ठसाही गुलाबीच असतो, म्हणून केवळ त्यावर विसंबून ते कोणी खाऊ नये, अशी आमची विनंती आहे.