वाद्य भाड्याचे, सूर आपले

मराठी माणूस परदेशी गेला तो गणपती आणि गाणे बरोबर घेऊनच. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ ची. गणेशोत्सव, दिवाळी आणि अधिवेशनांच्या निमित्ताने भारतातून गायक-वादकांचे संच दुबई, लंडन, शिकागो, सिडनीपर्यंत जातात. तबलजी आपला तबला-डग्गा नेतो, बासरीवादक बासऱ्यांची पिशवी खांद्याला लावतो. पण ज्याच्या दोन हातांवर सतार, संतूर, व्हायोलिनांचा ताफा आणि पियानो अशी सगळी भिस्त असते, तो कीबोर्डवादक मात्र बहुतेक वेळा वाद्याविनाच विमानात बसतो. त्याचे वाद्य तिकडे भाड्याने घेतलेले असते. आवाज तेवढे तो स्वतःचे नेतो, तेही बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये!

हे कसे साधते? आणि कुठे फसते? आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी अशा दौऱ्यावर निघणार असेल, किंवा आपणच एखाद्या मंडळाचे कार्यकर्ते असाल, तर हे समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

वाद्य बरोबर का नेत नाहीत?

हिशेब साधा आहे. यामाहाच्या माँटाज मालिकेतील ८८ पट्ट्यांच्या वाद्याचे वजन २९ किलो, पेटी वेगळीच. इकॉनॉमी वर्गात एका नगाला साधारणपणे २३ किलोंची मर्यादा असते. ६१ पट्ट्यांचे वाद्य १५ किलोंचे आहे, पण तिथे लांबी आडवी येते. बहुतेक विमान कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटरपर्यंतचे सामान नेहमीच्या दरात घेतात. या छोट्या वाद्याचीच बेरीज १५६ च्या पुढे जाते. त्याला पेटीत घातले की मर्यादा ओलांडलीच. त्यावर जादा भाडे, सामान चढवता-उतरवताना बसणारे धक्के, आणि परतताना 'हे तिकडे विकत घेतले का?' हा कस्टमचा प्रश्न. तो टाळण्यासाठी निघतानाच विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे लागते.

विजेचाही प्रश्न आहेच. आपल्याकडे २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०. भाड्याचे वाद्य तिथल्या विजेवर चालणारेच असते, त्यामुळे ती काळजी मिटते. म्हणूनच आयोजक स्थानिक पुरवठादाराकडून वाद्ये, अॅम्प्लिफायर, स्टँड असा सारा जामानिमा भाड्याने घेतात. या व्यवसायात त्याला 'बॅकलाइन' म्हणतात.

आवाज राहतो कुठे?

कीबोर्डमधल्या एका आवाजाचे दोन भाग असतात. पहिला भाग मूळ ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे खऱ्या सतारीच्या किंवा व्हायोलिनच्या नोंदवून ठेवलेल्या सुरांचा. दुसरा भाग सूचनांचा: सूर किती हळू उमटावा, किती लांबावा, मींड किती सुरांची असावी, घुमारा किती. वादक ज्याला 'माझा टोन' किंवा 'माझा पॅच' म्हणतो, तो पुष्कळदा या सूचनांचाच संच असतो.

इथेच खरी मेख आहे. टोन कंपनीच्या मूळ ध्वनींवर बेतलेला असेल, तर फाइल अगदी छोटी असते आणि त्याच मॉडेलच्या कुठल्याही वाद्यावर तो जसाच्या तसा वाजतो. पण त्यात वादकाने स्वतः नोंदवलेली हार्मोनियम किंवा सारंगी असेल, तर ते ध्वनिमुद्रणही सोबत न्यावे लागते. सूचना पोहोचल्या आणि ध्वनी घरीच राहिला, तर पडद्यावर नाव दिसते, पट्टी दाबली जाते आणि आवाज मात्र येत नाही. कॉर्गच्या क्रोनॉस या वाद्यात तर सूचनांची फाइल 'पीसीजी' आणि ध्वनींची यादी 'केएससी' अशा निरनिराळ्या असतात. दोन्ही, आणि ध्वनींचे फोल्डरही, बरोबर असावे लागते.

काडतुसापासून पेन ड्राइव्हपर्यंत

ही युक्ती आजची नाही. १९८३ मध्ये आलेल्या यामाहा डीएक्स-७ या गाजलेल्या सिंथेसायझरच्या पोटात ३२ आवाज मावत. जास्तीचे आवाज छोट्या काडतुसात भरून नेता येत. १९८८ च्या कॉर्ग एम-१ मध्ये कार्ड आले, पुढे फ्लॉपी आली आणि आता पेन ड्राइव्ह.

१९९१ मध्ये कंपन्यांनी 'जनरल मिडी' नावाची १२८ आवाजांची समान यादी ठरवली. त्यात १०५ व्या क्रमांकावर सतार आहे, ११२ व्या क्रमांकावर सनई आहे; तबला, बासरी आणि आपली हार्मोनियम यांची नावे नाहीत. शिवाय क्रमांक एक असला तरी एका कंपनीची सतार दुसऱ्या कंपनीच्या सतारीसारखी वाजत नाही. आपल्या गाण्यांसाठी कीबोर्डवादक स्वतःचे टोन वर्षानुवर्षे घडवत बसतात, ते यासाठीच. गाण्याच्या सुरुवातीचा संतूरचा पीस श्रोत्यांच्या कानात कित्येक वर्षांपासून बसलेला असतो. तो जरा वेगळा वाजला तरी सभागृहाला कळते, आणि गायकाला तर त्याहून आधी कळते.

'तसाच' नको, 'तोच' हवा

म्हणून करारातच वाद्याचे पूर्ण नाव लिहावे: कंपनी, मॉडेल, पट्ट्यांची संख्या. 'चांगला यामाहा कीबोर्ड' एवढे लिहून चालत नाही. २०१० च्या मोटिफ एक्सएफवर तयार केलेले आवाज २०१६ च्या माँटाजमध्ये भरता येतात. उलट दिशेने मात्र ते जात नाहीत. मोटिफ एक्सएफमध्ये मोठे ध्वनिसंग्रह कायम राहण्यासाठी वेगळा फ्लॅश मेमरी बोर्ड बसवावा लागतो. भाड्याच्या वाद्यात तो नसेल, तर थोडीच जागा मिळते आणि वीज गेली की भरलेले ध्वनी पुसले जातात. माँटाजमध्ये अशी १.७५ गिगाबाइट जागा मुळातच आहे. तेव्हा मॉडेलबरोबर हा बोर्ड आहे का आणि वाद्यातील सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, हेही विचारावे. नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुनी आवृत्ती स्वीकारेलच असे नाही.

विकत घेतलेल्या ध्वनिसंग्रहांचे आणखी एक कोडे असते. क्रोनॉससाठी कंपनीकडून घेतलेल्या काही संग्रहांचा परवाना त्या एका वाद्याच्या ओळख क्रमांकाशी बांधलेला असतो. दुसऱ्या क्रोनॉसवर तो चालत नाही. अशा टोनला पर्याय घरीच तयार करून ठेवावा.

मंचावरच्या गमती

फाइल भरली गेली म्हणजे सारे झाले असे नाही. भाड्याचे वाद्य काल कोणीतरी वाजवलेले असते आणि त्याच्या खुणा मागे राहतात. त्याने ट्रान्सपोझ दोन सूर वर ठेवला असेल, तर गायिकेची काळी चार भलतीकडेच निघते. कोणी मूळ सूर ४४० ऐवजी ४४२ वर ठेवलेला असतो. तो फरक बासरीबरोबर वाजवताना खटकतो. कोणी 'लोकल कंट्रोल' बंद केलेला असतो आणि मग उत्तम वाद्यही मुके भासते.

पेडलची आणखी वेगळी तऱ्हा. निरनिराळ्या कंपन्यांच्या पेडलची आतली जोडणी उलटसुलट असू शकते. मग पाय दाबला की सूर तुटतो आणि उचलला की लांबतो! पुष्कळ कीबोर्ड सुरू होताना पेडलची स्थिती तपासून घेतात. म्हणून वाद्य सुरू करताना पेडलवर पाय नसावा. आपले पेडल आपल्याच पिशवीत असलेले बरे.

मींडेचेही तसेच. यामाहावर बहुधा दोन वेगळी चाके, कॉर्गवर जॉयस्टिक, रोलँडवर आडवा दांडा. डाव्या हाताला एकाची सवय झालेली असते. दुसरे वाद्य मिळाले तर सतारीची मींड नेमकी सुरावर थांबवायला अर्धा तास तरी बोटे फिरवावी लागतात. 'साउंड चेकला वादक आधी का हवेत?' असे विचारणाऱ्या आयोजकांनी हे ध्यानात घ्यावे. सभागृहाचा एक तास वाचवण्याच्या नादात पहिल्या तीन गाण्यांची वाट लागते. त्याचे बोल मात्र वादकाला ऐकावे लागतात, आणि पुढच्या दौऱ्याचे बोलावणेही त्यालाच चुकते.

लॅपटॉपचा मार्ग

काही वादक आवाज लॅपटॉपमध्येच ठेवतात आणि भाड्याचा कीबोर्ड केवळ पट्ट्यांपुरता वापरतात. १९८३ पासून रूढ असलेल्या 'मिडी' पद्धतीमुळे हे शक्य होते. या तारेतून आवाज जात नाही. कोणती पट्टी किती जोराने दाबली एवढाच निरोप जातो. अशा वेळी कुठलेही मॉडेल चालते, हा मोठा लाभ. पण लॅपटॉप अडला तर सारेच अडते. म्हणून निदान पियानो, तंतुवाद्ये आणि हार्मोनियम एवढे तरी भाड्याच्या वाद्यातले आवाज तयार ठेवावेत.

निघण्यापूर्वी एवढे करा

• फाइलच्या दोन प्रती दोन पेन ड्राइव्हमध्ये घ्या; एक दुसऱ्या सोबत्याच्या पिशवीत ठेवा. तिसरी स्वतःच्या ईमेलवर असू द्या.

• त्याच मॉडेलच्या दुसऱ्या वाद्यावर, म्हणजे एखाद्या मित्राकडे किंवा रिहर्सल हॉलमध्ये, सर्व आवाज एकदा भरून, वाद्य बंद-चालू करून वाजवून पाहा.

• गाण्यांच्या क्रमाने टोनची यादी कागदावर लिहा. प्रत्येकापुढे वाद्यातला जवळचा मूळ आवाज पर्याय म्हणून नोंदवा.

• आपले पेडल, मिडी आणि यूएसबी तारा, त्या देशाचा प्लग बरोबर घ्या. दुबई आणि लंडनला तीन चौकोनी पिनांचा लागतो, अमेरिकेत दोन चपट्या पिनांचा.

• तिथे पोहोचल्यावर स्वतःचे आवाज भरण्याआधी वाद्यात जे आहे ते वेगळ्या पेन ड्राइव्हवर साठवा. पुष्कळ वाद्यांत नवी पूर्ण फाइल भरली की जुने सारे पुसले जाते.

• कार्यक्रम संपला की आपले आवाज काढून टाका आणि आधीचे परत भरा.

हे शेवटचे काम रात्री उशिरा, थकल्या अंगाने करावे लागते आणि म्हणून राहून जाते. पण त्यातच वादकाची रीत दिसते. विकत घेतलेला ध्वनिसंग्रह परक्याच्या वाद्यात सोडून येणे परवान्यात बसत नाही. आणि आपण घडवलेला टोन ही तर आपली कमाई, ती अशी वाऱ्यावर कशाला सोडायची? शिवाय ते वाद्य उद्या कुणा दुसऱ्याच्या कार्यक्रमाला जाणार असते. त्यालाही त्याचे सूर जागच्या जागी सापडायला हवेत.