एका काडीची रेंज

दौलताबादच्या किल्ल्यात ‘अंधारी’ लागते. डोंगराच्या पोटातून खोदून काढलेली, मुद्दाम वळणं-वळसे दिलेली वाट. चाल करून आलेल्याला पुढे पायरी आहे की खड्डा हेही कळू नये, अशी तिची रचना. वटवाघळांचा उग्र वास, पायाखाली ओबडधोबड पायऱ्या. हल्ली माणसं तिथे मोबाइलचा टॉर्च लावून शिरतात आणि टॉर्च लावता लावता नजर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात जातेच. तोंडाशी दिसणाऱ्या काड्या वळणागणिक गळत जातात. मग गटातला कुणीतरी वैतागून म्हणतो, “आपली कंपनीच बेकार आहे, पोर्ट केलं पाहिजे.”

इथे तरी कंपनी निर्दोष आहे. दोष द्यायचाच तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे थरांवर थर ओतून गेलेल्या लाव्ह्याला द्यावा लागेल. काही मीटर जाडीचा काळा कातळ मोबाइलची लहर गिळून टाकतो. जे काही आत येतं ते तोंडातून, उजेडासारखंच.

उजेड आणि मोबाइलची लहर एकाच घराण्यातल्या. दोन्ही विद्युतचुंबकीय, दोघींचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. फरक आहे तो लांबीचा. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान. ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली मोबाइलची लहर ३३ सेंटिमीटर, १८०० मधली त्याच्या निम्मी, आणि ५जी मुख्यतः ज्या ३५०० च्या आसपासच्या पट्ट्यात चालतं तिथली जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. लांब लहर अडथळ्याच्या कडेवरून वळून पलीकडे उतरू शकते, आखूड लहरीला ते तितकंसं जमत नाही. म्हणून अंधारीच्या वळणावर उजेड संपतो तरी रेंज थोडी रेंगाळते. आणि म्हणूनच घराबाहेर ५जी दाखवणारा फोन आतल्या खोलीत गेला की गुपचूप ४जीवर येतो.

खरी गंमत मात्र वेरूळला, कैलास लेण्याच्या चौकात. वरून खाली कोरत आणलेलं हे देऊळ. तीन बाजूंना उभा कातळ, मागची कडा ३० मीटरहून उंच. तिथून टॉवर थेट दिसणं कठीण. तरी फोन लागतो तो लहरी कड्याच्या माथ्यावरून वळून खाली उतरतात म्हणून, आणि समोरच्या भिंतीवर, ध्वजस्तंभावर, दगडी हत्तीच्या पाठीवर आपटून परत फिरतात म्हणून. एकच आवाज फोनपर्यंत दहा वाटांनी पोचतो. प्रत्येक वाटेची लांबी किंचित वेगळी. दोन लहरींचे उंचवटे एकत्र आले तर बेरीज होते. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर आला तर वजाबाकी, आणि रेंज अचानक नाहीशी. १८०० मेगाहर्ट्झवर अशा दोन ‘मेलेल्या’ जागांमधलं अंतर साधारण आठ सेंटिमीटर असतं. म्हणजे फोन डाव्या कानावरून उजव्या कानाला नेला तरी नशीब पालटू शकतं!

गावोगावी गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी, जिन्याच्या चौथ्या पायरीवर एक ठरलेली जागा असते. “इथंच लागतो, इकडं ये” असं आजी ठासून सांगते आणि नातवंडं हसतात. आजीचं भौतिकशास्त्र पक्कं आहे.

छत्रपती संभाजीनगर शहरातले अडथळे वेगळे. वाळूज आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीतली पत्र्याची शेड लहर सरळ परतवून लावते. जालना रोडवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींत दिसतं सगळं, पण ऊन थोपवण्यासाठी काचेवर चढवलेला धातूचा अदृश्य थर उन्हाबरोबर मोबाइललाही थोपवतो. गुलमंडीकडच्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आपल्या परीने तेच करतात. लिफ्टबद्दल तर बोलायलाच नको.

आता त्या काड्यांकडे येऊ. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ आणि त्यात सिमची माहिती उघडली की ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’ समोर एक उणे आकडा दिसतो, डीबीएममध्ये. उणे ८० म्हणजे मस्त. उणे ११० म्हणजे अशक्त, पण बोलता येईल. उणे १२० च्या आसपास फोन मान टाकतो. आकडे पाहून वाटतं, फरक तो केवढा! पण ही मोजपट्टी चलाख आहे. तिच्यावर दहा अंक उतरलं की शक्ती दहापटीने घटते. उणे ८० आणि उणे ११० यांत हजारपटीचा फरक आहे. उणे ७० पासून उणे १२० पर्यंत गेलात तर एक लाख पटीचा. आणि उणे ११० म्हणजे किती? एका वॉटचे शंभर लाख कोटी भाग करायचे आणि त्यातला एक घ्यायचा. एवढ्याशा ऊर्जेतून, शेजारच्या शेकडो फोनांचा कोलाहल बाजूला सारून, तुमचा फोन पुण्यातल्या मुलीचा “आई, जेवलीस का?” हा प्रश्न अक्षरन् अक्षर वेचून काढतो. रेंज गेल्याचा मला राग येतो, नाही असं नाही. पण हा आकडा कळल्यापासून रेंज असल्याचंच जास्त नवल वाटतं.

लाखपटीचा हा पसारा चार-पाच काड्यांत बसवायचा कसा, याचा जगभर एकच असा नियम नाही. ज्याने त्याने आपापलं सूत्र ठरवायचं. त्यामुळे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन फोनांपैकी एकावर चार काड्या आणि एकावर दोन दिसल्या, तर पहिल्याची रेंज चांगली असेलच असं नाही. त्याचं सूत्र उदार असू शकतं.

ही पोल जगासमोर उघडी पडली २०१० मध्ये. त्या जूनमध्ये ॲपलचा आयफोन ४ आला. त्याची कडेची धातूची पट्टी हाच त्याचा अँटेना होता. डाव्या बाजूला खालच्या अंगाला त्या पट्टीत एक बारीक फट होती; फोन डाव्या हातात नेहमीसारखा धरला की तळवा नेमका त्या फटीवर येई, दोन वेगळे भाग जोडले जात आणि काड्या धडाधड पडत. बोभाटा झाला. कंपनीने जुलैच्या सुरुवातीला पत्रक काढून कबूल केलं, की काड्या मोजायचं आमचं सूत्रच साफ चुकलेलं होतं. दोन दाखवायच्या तिथे आम्ही चार दाखवत होतो. १६ जुलैला स्टीव्ह जॉब्ज यांनी पत्रकार परिषद घेऊन गिऱ्हाइकांना फुकट कव्हर देऊ केलं. हाताने रेंज कमी होणं ही काही त्या एका फोनची मिरास नव्हे. हातात पाणी आहे, मीठ आहे; प्रत्येक फोनचा आवाज हात थोडा दाबतोच. आपल्या फोनची धातूची कड नीट पाहिली तर तिला छेदणाऱ्या प्लॅस्टिकच्या बारीक रेघा दिसतील. ती नक्षी नाही. अँटेनाचे तुकडे एकमेकांपासून वेगळे राखण्यासाठी त्या ठेवलेल्या असतात, आणि एका भागावर बोट आलं तर दुसऱ्याने काम चालवायचं, अशी सोय आता बहुतेक फोनांत असते.

मग रेंज कमी असणं काळजीचं आहे का?

फोन नुसता ऐकत नाही, उत्तरही देतो. आणि बांधाच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्याशी बोलताना आवाज चढवतो तसंच फोनचं आहे: टॉवर जितका लांब किंवा आड, तितका तो जोरात बोलतो. ४जी फोन कमाल २०० मिलिवॉटने बोलतो. टॉवर जवळ असला तर त्याच्या वीस लाखाव्या भागापर्यंत आवाज उतरवू शकतो. केवढा तो संयम! किती जोरात बोल हे टॉवर त्याला सतत बजावत असतो. ३जीच्या काळात तर सेकंदाला १५०० वेळा. एका काडीच्या रेंजमध्ये फोन गरम होतो, बॅटरी भराभर उतरते, ती या चढलेल्या आवाजामुळे.

यातून एक उलटी गोष्ट निघते. “आमच्या गल्लीत टॉवर नको” म्हणून लोक निवेदनं देतात, टॉवर लांब जातो, आणि खिशातला, कानाला लावलेला फोन अधिक जोराने बोलू लागतो. टॉवरची लहर अंतराबरोबर झपाट्याने विरळ होत जाते, फोन तर गालाला टेकलेला असतो. विरोध करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, हिशेबाबद्दल आहे.

जोराने बोलणारा फोन तरी घातक आहे का? या लहरींचा एकेक कण इतका दुबळा असतो, की रेणूचा बंध तोडायला लागणाऱ्या ऊर्जेच्या तुलनेत तो लाखो पटींनी कमी पडतो. क्ष-किरणांसारखं नुकसान तो करू शकत नाही. करतो ते किंचित ऊब आणणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित’च्या गटात टाकलं, त्यावर बराच गहजब झाला. त्याच गटात पुढे कोरफडीच्या पानाचा संपूर्ण अर्कही जाऊन बसला, हे फारसं कुणी सांगत नाही. २०२४ मध्ये त्याच आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही. आपल्याकडे टॉवरसाठीची मर्यादा सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. फोन शरीराला किती ऊर्जा देतो याचीही मर्यादा आहे, किलोला १.६ वॉट, *#०७# डायल केलं की बहुतेक फोन आपला आकडा दाखवतात. कमी रेंजमध्ये लांबलचक बोलायचं असेल तर हेडफोन लावा, स्पीकरवर टाका. एवढं पुरे.

काड्या पूर्ण आणि फोन लागत नाही, याची मात्र वेगळीच तऱ्हा. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून खुलताबादच्या भद्रा मारुतीला लाखो लोक चालत निघतात. रस्ता माणसांनी भरून जातो आणि त्या रस्त्यावरचे मोजके टॉवरही. अशा वेळी काड्या सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत नीट पोचतोय. तुमचा आवाज ऐकायला त्याला सवड आहे का, हे त्या सांगत नाहीत. गर्दीत हरवलेल्या सोबत्याला फोनवर फोन करण्यापेक्षा एक एसएमएस टाका. त्याला जागा फार थोडी लागते, तो चिंचोळ्या फटीतूनही निसटून जातो.

तुटणाऱ्या कॉलचा जाब कंपनीला विचारायचा एक प्रयत्न झाला होता. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने ऑक्टोबर २०१५ मध्ये फर्मान काढलं: तुटलेल्या कॉलमागे ग्राहकाला एक रुपया, दिवसाला तीनपर्यंत, १ जानेवारी २०१६ पासून. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. दोष कंपनीचा की आणखी कशाचा हे न पाहता सरसकट दंड कसा, असा मुद्दा होता. कातळ, पत्रा आणि काच यांची कथा वाचल्यावर तो अगदीच पोकळ वाटत नाही. पण ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या नियमांनुसार कंपन्यांना आपली सेवा कुठे पोचते याचे नकाशे जाहीर करावे लागतात. सिम बदलण्याआधी शेजाऱ्याच्या काड्या पाहण्यापेक्षा ते पाहावेत.

माझ्या मते काळजी करायची ती एकाच प्रसंगाची. पडद्यावर ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ दिसलं तर घाबरू नये: तुमच्या कंपनीचा टॉवर नाही, पण दुसऱ्या कुणाचा तरी सापडला आहे आणि ११२ त्यावरून लागेल. ‘नो सर्व्हिस’ दिसलं तर मात्र तेही नाही. गौताळ्याच्या जंगलात, पितळखोऱ्याच्या पायऱ्या उतरून दरीत गेलात आणि अशी वेळ आली, तर फोन विमान मोडवर टाका, नाहीतर टॉवर शोधता शोधता तो बॅटरी संपवून बसेल. जीपीएसला रेंज लागत नाही. ते उपग्रहांकडून नुसतं ऐकतं, त्यामुळे उतरवून घेतलेला नकाशा चालत राहतो. आणि कुठे चाललो, कधीपर्यंत परतू, हे वाटेतल्या कन्नड गावी चहा घेतानाच घरी कळवून टाकावं.